माशालाही हवा उपास!

दारातल्या गाईला पोळी, चिमण्यांना तांदूळ, मांजरीला दूध. कुणाला तरी खाऊ घातल्याशिवाय आपल्याला चैनच पडत नाही. मग काचेच्या भांड्यातला मासा त्यातून कसा सुटणार? पण या लाडानेच बिचाऱ्याचा जीव जातो.

आमच्या जावेच्या मुलाला वाढदिवसाला मामाने जालन्याहून निळा फायटर मासा आणला. मोरपिसासारखे पर! सगळं घर त्याच्याभोवती. सासूबाई माळकरी. त्या पोळीचा चुरा टाकायच्या, पोरं बिस्किट टाकायची. विकणाऱ्यानेच सांगितलं होतं, "काहीही टाका, खातो!" पंधरा दिवसांत मासा फुगला आणि तळाशी बसून राहिला. पोराने जेवण सोडलं. तेव्हा मी या माशाच्या खाण्याची नीट माहिती काढली.

हा मासा मूळचा थायलंडचा. २०१९ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. तिथे तो भातखाचरांत, उथळ पाण्यात राहतो आणि पाण्यातले किडे, डासांच्या अळ्या खातो. त्याचं तोंड बघा, वर वळलेलं असतं, पाण्यावरचं भक्ष्य टिपायला. म्हणजे तो पक्का मांसाहारी. पोळी, भात, ब्रेड त्याला पचत नाही. काही जण बरणीत वर मनीप्लँट लावतात आणि मासा मुळं खाऊन जगतो म्हणतात. तेही खोटं. तो उपाशीच राहतो.

हे ऐकून सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, वाघाला गवत घालून कसं चालंल? त्याचं त्याला दे, फक्त माझ्या सैपाकघरात नको." डबा पडवीत ठेवला, प्रश्न मिटला!

काय द्यावं, किती द्यावं?

फायटरसाठी मिळणाऱ्या बारीक गोळ्या घ्या. पाकिटावर सुरुवातीलाच मासळीची किंवा कोळंबीची भुकटी लिहिलेली असावी, गव्हाचं पीठ नव्हे. सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन गोळ्या पुरे. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं, असं मासे पाळणारे सांगतात. चिमूटभर म्हणजे त्याला पंगतच! दोन-तीन मिनिटांत खाल्लं नाही ते ड्रॉपरने काढून टाका. उरलेलं अन्न कुजलं की पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासा गुदमरतो. वाळवलेल्या लाल अळ्या आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, सणाच्या गोडासारख्या.

आठवड्यातून एक दिवस काहीही देऊ नका. आमच्याकडे गुरुवार ठरलाय. मोठा, निरोगी मासा दोन-तीन दिवस सहज उपाशी राहतो, त्यामुळे लग्नाकार्याला गावाला जाताना जास्तीचं टाकून जाऊ नका.

डासांच्या अळ्या त्याला फार आवडतात, पण जपून. गटारातल्या अजिबात नकोत. स्वच्छ पाण्यातल्या मिळाल्या तर चहाच्या जुन्या गाळणीत धुवून दोन-तीनच द्या, बाकीच्या कोरड्या मातीवर ओता. मुद्दाम पाणी साठवून अळ्या वाढवू नका. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात, आणि डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. आपला कोरडा दिवस माशासाठी मोडायचा नाही.

पाणी दर आठवड्याला पाव हिस्सा बदला. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. चोवीस ते अठ्ठावीस अंश तापमान त्याला मानवतं. आपल्याकडच्या थंडीत पाणी गार झालं की त्याची भूक मंदावते, तेव्हा खाणंही कमी करा.

मासा फुगलाच तर दोन दिवस खाणं बंद, पाणी बदला, मग एक-एक गोळी. खवले उभे राहिले असतील तर मात्र दुखणं मोठं, जाणकाराला दाखवा. आमचा मासा उपासाने सावरला. चौथ्या दिवशी वर येऊन त्याने गोळी टिपली, तेव्हा पोरगंही ताटावर बसलं.

आणखी एक. घरात भरवणारे हात पाच असतील तर माशाला पाच वेळा जेवण होतं! काम एकाकडेच द्या. आमच्याकडे पोरगं खाणं दिलं की कॅलेंडरवर खूण करतं. खूण दिसली की आजीचाही हात थांबतो.