तुतनखामेनचं थडगं आणि आपली नैशू

तारनाक्याहून मेट्रोनं अमीरपेट, तिथं गाडी बदलून असेंब्ली. उतरलं की जवळच पब्लिक गार्डनमधलं राज्य संग्रहालय. तिथली इजिप्शियन ममी आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. ही ‘सहाव्या फॅरोची मुलगी, राजकन्या नैशू’ असं सांगितलं जातं. सहाव्या निजामाचे जावई नझीर नवाज जंग यांनी ती १९२० च्या सुमारास हजार पौंडांना घेतली, मीर उस्मान अली खान यांना भेट दिली आणि त्यांनी १९३० मध्ये संग्रहालयाला दिली, असा तिचा प्रवास सांगतात. इथपर्यंत ठीक. पण ती कुठल्या थडग्यातून निघाली? ते उघडताना कोण हजर होतं?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते कळायला त्याच काळात उघडलेलं दुसरं थडगं पाहू.

४ नोव्हेंबर १९२२ ला राजांच्या खोऱ्यात हॉवर्ड कार्टरच्या माणसांना दगडात कोरलेली एक पायरी लागली. दुसऱ्या दिवशी सीलबंद दाराचा वरचा भाग दिसला. कार्टरनं काय केलं? पायऱ्या परत बुजवल्या आणि खर्च उचलणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनला तार केली. तो आल्यावर सोळाही पायऱ्या मोकळ्या झाल्या, तेव्हा दारावर तुतनखामेनचा शिक्का दिसला. दारामागची वाट पांढऱ्या दगडी कपच्यांनी भरलेली, पण वर डाव्या कोपऱ्यात भराव काळपट. म्हणजे प्राचीन काळीच चोर तिथून घुसले होते आणि ते भगदाड नंतर कुणीतरी बुजवलं होतं. नुसतं घमेल्यानं उपसलं असतं, तर ही माहिती ढिगाऱ्यात गेली असती.

२६ नोव्हेंबरला आतल्या दाराला भोक पाडलं. आधी मेणबत्ती धरली, विषारी वायू आहे का बघायला. आतली गरम हवा बाहेर आली, ज्योत फडफडली. डोळे सरावले तशा सोन्यानं मढवलेल्या वस्तू दिसायला लागल्या. सोबत कार्नार्व्हन, त्याची मुलगी एव्हलिन आणि आर्थर कॅलेंडर. हा कॅलेंडर आमच्या जातकुळीतला, इंजिनीयर! दुसऱ्या दिवशी आत विजेचे दिवे त्यानंच आणले.

पण पहिली वस्तू बाहेर आली ती २७ डिसेंबरला. आधी प्रत्येकीला नंबर, हॅरी बर्टननं जागेवर काढलेला फोटो, मोजमाप, कार्ड. पाच हजारांवर वस्तू काढायला दहा वर्षं लागली.

साक्षीदारही सगळं सांगत नाही, बरं का. दफनकक्ष फेब्रुवारी १९२३ मध्ये समारंभानं उघडला, पण ही मंडळी त्याआधीच गुपचूप आत जाऊन आली होती. कार्टरच्या पुस्तकात ते नाही. इतरांच्या खासगी लिखाणातून बाहेर आलं. म्हणून साक्षीदार एकापेक्षा जास्त हवेत.

आता नैशू. तिचा काळ ख्रिस्तपूर्व ३०० ते १०० सांगतात. इजिप्तचे पहिले राजे त्याच्या जवळजवळ तीन हजार वर्षं आधीचे, त्यामुळे सुरुवातीपासून मोजलेला ‘सहावा फॅरो’ जमत नाही. सहावा टॉलेमी धरला तर काळ जुळतो, पण त्याच्या ज्ञात मुलींचं नाव क्लिओपात्रा. २०१६ मध्ये ममीचं सीटी स्कॅन झालं. त्यात हाडं दिसतात, बापाचं नाव दिसत नाही. नातं सांगणाऱ्या गोष्टी थडग्यात असतात, आणि हिच्याबरोबर थडग्याची नोंद आली नाही.

आपल्या शेजारी मौला अलीलाही लोहयुगातली दफनं सापडली आहेत. उद्या कुणाच्या पायाच्या खोदकामात जुनं मडकं लागलं, तर लगेच उचलू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, खोली मोजा, मातीचा रंग लिहा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. मडकं काय, नंतरही उचलता येतं. त्याची जागा परत मिळत नाही.