काजऱ्याचे विष, हुर्राक आणि मेंदूतील अवरोध

मांद्रे-पेडण्यासह सगळ्या कोकणपट्टीत ओळखीच्या असलेल्या काजऱ्याच्या नारिंगी फळात चपट्या, बटणासारख्या, रेशमी लव असलेल्या बिया असतात. त्यांतील स्ट्रिक्नीन हे विष नसांना उत्तेजित करते, असा समज जुना आहे. लक्षणे पाहता तो पटतोही. अंग ताठरते, पाठ धनुष्यासारखी वाकते, दार वाजले किंवा कुणाचा हात लागला तरी झटका येतो. आणि हे सारे रोगी शुद्धीवर असताना.

प्रत्यक्षात स्ट्रिक्नीन काहीच उत्तेजित करत नाही. पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते 1818 मध्ये वेगळे केले. ते नेमके काय करते हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. मज्जारज्जूतील काही चेतापेशी ग्लायसीन हे रसायन सोडून स्नायूंना आदेश देणाऱ्या पेशींना आवरून धरतात. ग्लायसीन जिथे चिकटायचे ती जागाच स्ट्रिक्नीन अडवते. मग एरवी विरून गेला असता असा क्षुल्लक संदेशही अंगभर पसरतो आणि हात दुमडणारे व सरळ करणारे स्नायू एकाच वेळी आवळतात. धनुर्वाताचे विष वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचते: ते ग्लायसीन आणि गाबा ही रसायने पेशीबाहेर पडूच देत नाही. दोन्ही रोगी दिसायला इतके सारखे का, याचे उत्तर इथे आहे.

यावरून दुसरा गैरसमजही निकालात निघतो. अवरोधक संदेश म्हणजे संदेश नसणे किंवा तो क्षीण होणे, असे अनेकांना वाटते. शांत चेतापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण विद्युतदाब असतो. ग्लुटामेट या उत्तेजक रसायनामुळे सोडियमचे धन आयन आत शिरतात आणि पेशी संदेश सोडण्याच्या उंबरठ्याकडे सरकते. गाबामुळे क्लोराइडचे ऋण आयन आत येतात आणि ती तिथवर पोहोचत नाही. हजारो जोडण्यांवरून आलेल्या अशा संकेतांची बेरीज-वजाबाकी पेशी क्षणोक्षणी करत असते. म्हणजे ‘नको’ हा संदेशही पाठवावाच लागतो.

मेंदूचे भाग एकमेकांशी फक्त उत्तेजक संदेशांनी बोलतात, हे विधान अर्धेच खरे आहे. मेंदूच्या बाह्यकातील साधारण 80 टक्के पेशी उत्तेजक असतात आणि दूरवर जाणारे तंतू बहुतांशी त्यांचेच. पण तिकडे पोहोचलेला तंतू अनेकदा तिथल्या स्थानिक अवरोधक पेशींनाही जागे करतो. त्यामुळे दुरून आलेल्या उत्तेजनाचा परिणाम शांतता असाही होऊ शकतो. शिवाय लहान मेंदूच्या बाह्यकातून बाहेर जाणारा संदेश केवळ पुर्किंये पेशी नेतात आणि त्या अवरोधकच आहेत. मेंदूत खोलवर असलेल्या तळगंडिकांची (बेसल गँग्लिया) रीत त्याहून नवलाची. त्यांच्या एका भागातील पेशी हालचालीचे संदेश पुढे पाठवणाऱ्या थॅलॅमसला सतत दाबून ठेवतात. दुसऱ्या भागाने त्या दाबणाऱ्यांनाच गप्प केले, की हालचालीला वाट मिळते.

आता हुर्राक. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळलेला हुर्राक किंवा त्यापुढची फेणी पोटात गेली की माणूस खुलतो, म्हणून दारू मेंदूला चेतवते असे समजतात. पण मद्यार्क गाबाचा परिणाम वाढवतो आणि ग्लुटामेटचा कमी करतो, म्हणजे तो मेंदू मंदावतो. वागणे आवरणाऱ्या कपाळामागच्या यंत्रणा लवकर ढिल्या पडतात, तोच मोकळेपणा वाटतो. प्रमाण वाढले की लहान मेंदूही त्यात सापडतो, चाल अडखळते, जीभ जड होते.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू या दडपणाशी जुळवून घेतो: गाबाला दाद देणे कमी करतो, ग्लुटामेटला वाढवतो. अशाने दारू एकदम तोडली, तर उत्तेजनाला आवर उरत नाही आणि साधारण 6 ते 48 तासांत आकडी येऊ शकते. म्हणून अशा व्यक्तीची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवतात आणि डायझेपामसारखे, गाबाचा परिणाम वाढवणारे औषध देऊन ते हळूहळू कमी करतात. काजऱ्याच्या विषबाधेतील झटके आवरायलाही याच गटातील औषधे वापरतात.