कुरणातून दुधापर्यंत : मातीतील किरणोत्सर्गाचा माग

उत्तर कन्नड जिल्ह्यात, कारवारच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या दाट अरण्यात काळी नदीच्या काठी कैगा हे ठिकाण आहे. येथील अणुवीज केंद्रातून २००० सालापासून वीज मिळू लागली. या केंद्राच्या परिसरात मंगळूर विद्यापीठाच्या संशोधकांनी गवताचे एक लहानसे कुरण मुद्दाम तयार केले आणि त्यात चरण्यासाठी गाई राखल्या. कुरणातील माती, त्या मातीवर वाढलेले गवत आणि ते गवत खाणाऱ्या गाईंचे दूध यांचे नमुने वेळोवेळी घेऊन त्यांतील सीझियम या मूलद्रव्याचे प्रमाण मोजण्यात आले. आसपासच्या खेड्यांतील माती, गवत आणि दूध यांच्याशी ते ताडून पाहण्यात आले. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

हे कुरण काही अपघाताने दूषित झालेले नव्हते. मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर मिळण्यासाठी प्रथम मातीत किरणोत्सर्गी सीझियम मुळात आले कोठून, हे पाहिले पाहिजे.

१९४५ ते १९८० या काळात निरनिराळ्या राष्ट्रांनी वातावरणात अणुबाँबच्या चाचण्या केल्या. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी १९६३ च्या करारानंतर अशा चाचण्या थांबविल्या. वातावरणातील शेवटची चाचणी चीनने १९८० च्या ऑक्टोबर महिन्यात केली. या स्फोटांतून निघालेले अतिसूक्ष्म कण वातावरणाच्या वरच्या थरांत चढले, वाऱ्याबरोबर पृथ्वीभोवती फिरले आणि पुढे कित्येक वर्षे पावसाबरोबर खाली येत राहिले. या धूलिपातातून जगातील कोणताही देश सुटला नाही. बंगळूरच्या आग्नेयेस, होसूर आणि सरजापूर या दोन रस्त्यांच्या मध्ये, आज एचएसआर लेआउट ही गजबजलेली वसाहत आहे. तेथे शेते होती तेव्हा त्यांवर पडलेल्या पावसातही या धुळीचा अंश होता. आता घरांच्या पायांसाठी खणाखणी झाल्यामुळे तो मातीत कोठच्या कोठे मिसळून गेला आहे. परंतु जेथे नांगर किंवा कुदळ लागलेली नाही, अशा जमिनीत हे सीझियम अजूनही बहुतांशी वरच्या वीतभर थरातच सापडते. जमिनीची धूप किती झाली हे ठरविणारे शास्त्रज्ञ या गोष्टीचा चांगलाच उपयोग करून घेतात : वरचा थर वाहून गेला असेल तर त्याबरोबर सीझियमही गेलेले असते.

अणूंच्या विभाजनातून अनेक किरणोत्सर्गी द्रव्ये निर्माण होतात. त्यांपैकी बहुतेक थोड्याच काळात क्षीण होऊन जातात. एखाद्या द्रव्याची किरणोत्सर्गिता निम्मी होण्यास जो काळ लागतो त्याला त्याचे अर्धायुष्य म्हणतात. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य अवघे आठ दिवसांचे आहे. अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत भीती असते ती याचीच. कारण ते गवतावर बसते, गाईच्या पोटात जाते, दुधात उतरते आणि ते दूध पिणाऱ्या मुलांच्या गळ्यातील अवटु ग्रंथीत साठते. १९५७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर प्रदेशातील दूध काही आठवडे ओतून द्यावे लागले. भारतात अणुवीज केंद्रांभोवतीच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा शेळ्यांच्या अवटु ग्रंथी तपासतात, त्यामागे हेच कारण आहे. चरत फिरणाऱ्या शेळीच्या गळ्यातील ही इवलीशी ग्रंथी परिसरातील आयोडीनचा माग एखाद्या उपकरणाइतका बिनचूक देते.

तथापि आयोडीन दोन-तीन महिन्यांत जवळजवळ नाहीसे होते. मागे रेंगाळतात ती मुख्यतः दोन द्रव्ये : सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. दोहोंचेही अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे आज पडलेल्या सीझियमपैकी निम्मे तीस वर्षांनी आणि चतुर्थांश साठ वर्षांनीही शिल्लक असते. स्ट्रॉन्शियम रासायनिक गुणधर्मांनी कॅल्शियमसारखे आहे, म्हणून ते हाडांत जाऊन बसते. सीझियमचे साम्य पोटॅशियमशी आहे. वनस्पतींना पोटॅशियमची सतत गरज असते. ते शोषून घेताना मुळे सीझियमही उचलतात. प्राणिशरीरात ते स्नायूंमध्ये, म्हणजे मांसात, पसरते.

मातीत किती सीझियम आहे एवढेच कळले म्हणजे गवतात किती येईल हे सांगता येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. काही प्रकारच्या चिकणमातीत, विशेषतः अभ्रकासारखी पापुद्र्यांची रचना असलेल्या खनिजांत, सीझियमचे कण पापुद्र्यांच्या कडांतून आत शिरतात आणि पाचर ठोकावी तसे तेथे अडकून बसतात. अशा मातीत सीझियम भरपूर असले तरी मुळांच्या हाती फारसे लागत नाही. उलट ज्या मातीत अशी खनिजे नाहीत, जी आम्लधर्मी आहे, जीत पोटॅशियमची उणीव आहे किंवा जी मुख्यतः कुजलेल्या पालापाचोळ्याची बनलेली आहे, तेथे थोडेसेच सीझियमही वर्षानुवर्षे मुळांतून पानांत, पानांतून पुन्हा मातीत असे फिरत राहते. दोन शेतांत मोजलेला किरणोत्सर्ग सारखाच भरला, तरी एका शेतावरचे दूध निर्धोक आणि दुसऱ्यावरचे संशयास्पद असू शकते. मातीतील प्रमाणाशी गवतातील प्रमाणाचे जे गुणोत्तर असते त्याला संक्रमण गुणक म्हणतात. एका मातीचा गुणक दुसरीच्या शेकडो पट असल्याची उदाहरणे आहेत.

याचा विसर पडला की काय घडते, याचा धडा ब्रिटनमधील मेंढपाळांना फार महाग पडला. २६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला. तेथून निघालेला ढग मे महिन्याच्या आरंभी ब्रिटनवरून जात असताना उत्तर वेल्स, कंब्रिया आणि स्कॉटलंड या डोंगराळ प्रदेशांत जोराचा पाऊस झाला, आणि सीझियम कुरणांवर उतरले. किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक बेकेरेल हे आहे; एका सेकंदास एका अणुगर्भाचे विघटन म्हणजे एक बेकेरेल. ज्या मेंढ्यांच्या मांसात किलोमागे १,००० बेकेरेलहून अधिक सीझियम आढळेल त्या विकू नयेत, असा निर्बंध घालण्यात आला. २० जून १९८६ रोजी हे निर्बंध जाहीर झाले, तेव्हा तीन आठवड्यांत सर्व सुरळीत होईल, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले होते. पावसाने गवत धुतले जाईल, सीझियम जमिनीत जाईल आणि चिकणमाती ते पकडून ठेवील, असा त्यामागचा हिशेब होता.

हिशेब चुकीचा नव्हता, पण तो दुसऱ्या जमिनीचा होता. सखल प्रदेशातील चिकणमातीवर केलेल्या निरीक्षणांवर तो आधारलेला होता. डोंगरावरील जमीन मात्र आम्लधर्मी आणि अर्धवट कुजलेल्या वनस्पतींनी बनलेली होती. तीत सीझियम अडकले नाही. दर वर्षीच्या नव्या गवतात ते पुन्हा पुन्हा येत राहिले. निर्बंधांखाली सुमारे ९,८०० शेते आणि चाळीस लाखांहून अधिक मेंढ्या आल्या होत्या. तीन आठवड्यांचे महिने झाले, महिन्यांची वर्षे झाली. बाजारात नेण्यापूर्वी प्रत्येक मेंढीच्या पुठ्ठ्याशी मापकयंत्र धरून तिची तपासणी करावी लागे, आणि जी मर्यादेबाहेर भरे तिच्या अंगावर रंगाची खूण करण्यात येई. शेवटच्या शेतांवरील निर्बंध उठले ते १ जून २०१२ रोजी, म्हणजे जवळजवळ सव्वीस वर्षांनी. ज्या धनगरांना आपल्या डोंगराची माती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, त्यांना त्या मातीविषयी कोणी आधी विचारले नव्हते, ही गोष्ट पुढे बरीच चर्चिली गेली आणि ते योग्यच झाले.

कैगाच्या कुरणाचे प्रयोजन आता ध्यानात येईल. अणुकेंद्रातून समजा काही द्रव्य बाहेर पडले, तर आसपासच्या गावांतील दूध पिण्याजोगे राहील की नाही, याचे उत्तर देण्यासाठी संक्रमण गुणक हाती असावा लागतो. ग्रंथांत दिलेले गुणक मुख्यत्वे युरोप आणि उत्तर अमेरिका येथील थंड हवेतले, तेथील मातीतले आणि तेथील गाईंचे आहेत. कोकण आणि कारवारकडील जांभ्याची माती त्यांहून अगदी निराळी. मुसळधार पावसाने तिच्यातील पोटॅशियम धुऊन गेलेले असते, ती आम्लधर्मी असते, आणि तिच्यातील केओलिन जातीच्या खनिजांत सीझियमला पकडून ठेवण्याचे सामर्थ्य कमी असते. देशावरील काळी माती पुन्हा वेगळी. तेव्हा ज्या मातीचा प्रश्न, त्याच मातीत मोजमाप करणे भाग आहे. आणि ते संकट येण्यापूर्वी करणे भाग आहे. जुन्या चाचण्यांतून आलेले जे अत्यल्प सीझियम जमिनीत आधीच आहे, ते येथे उपकारक ठरते. मुद्दाम काही न मिसळता त्याचा प्रवास मातीतून गवतात आणि गवतातून दुधात कसा होतो, हे तपासता येते.

या प्रवासातील गाईचे स्थान मोठे मजेचे आहे. संशोधक चौरस मीटरभर जागेतले गवत कापून आणतो. चांगल्या कुरणात चरणारी गाय दिवसाला सुमारे दीडशे चौरस मीटर जागा पिंजून काढते. तिचे दूध म्हणजे त्या साऱ्या जमिनीचा एकत्रित नमुनाच होय. गाईच्या पोटात रोज १,००० बेकेरेल सीझियम जात असेल, तर लिटरभर दुधात साधारणतः पाच बेकेरेल उतरते. शेळीने तेवढेच सेवन केले तर तिच्या लिटरभर दुधात शंभराच्या आसपास येते. शेळीचा चारा गाईच्या मानाने पुष्कळच कमी असतो, म्हणून प्रत्यक्षातील तफावत इतकी मोठी राहत नाही. तरी सारख्याच माळावर चरणाऱ्या दोघींपैकी शेळीच्या दुधात सीझियम अधिक निघण्याचा संभव असतो. ज्या देशात गरिबाघरची गाय म्हणजे शेळी, तेथे हा भेद दुर्लक्षून चालणार नाही.

सुदैवाने सीझियम शरीरात कायमचे राहत नाही. दूषित डोंगरावरील मेंढी स्वच्छ कुरणात आणली, की दहा-पंधरा दिवसांत तिच्या मांसातील सीझियम निम्म्यावर येते. म्हणून विक्रीपूर्वी काही आठवडे जनावरांना स्वच्छ चारा घालणे हा सर्वांत सोपा उपाय होय. नॉर्वेमध्ये रेनडियर हिवाळ्यात दगडफुले खातात. त्यांना मुळे नसतात आणि ती हवेतली धूळ थेट शोषून घेतात, त्यामुळे तेथील सामी पशुपालकांवर मोठेच संकट कोसळले. तेथे प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या जातीचे एक संयुग चाटणाच्या मिठात किंवा पोटात सावकाश विरघळणाऱ्या मोठ्या गोळ्यांतून जनावरांना देण्यात आले. हे संयुग आतड्यात सीझियमला घट्ट धरून ठेवते आणि ते शेणावाटे बाहेर पडते. शेतात पालाशयुक्त खत घालणे हाही एक उपाय आहे : मुळांना पोटॅशियम मुबलक मिळाले, की ती सीझियम कमी उचलतात.

या साऱ्या मोजमापात एक खबरदारी घ्यावी लागते. कोणतेही दूध घेतले तरी ते मुळातच थोडेसे किरणोत्सर्गी असते. निसर्गातील पोटॅशियमचा एक अल्पांश किरणोत्सर्गी आहे, आणि त्यामुळे लिटरभर दुधात चाळीस-पन्नास बेकेरेल एरवीही असतातच. म्हणून नुसता किरणोत्सर्ग मोजून भागत नाही. तो कोणत्या द्रव्याचा हे ओळखावे लागते. प्रत्येक द्रव्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते, आणि जर्मेनियमच्या स्फटिकाचे शोधक यंत्र त्यावरून सीझियम आणि पोटॅशियम यांना वेगळे करते. मातीचे नमुने वाळवून चाळून घेतात. गवत वाळवून आणि पुष्कळदा जाळून त्याची राख तपासतात. प्रमाण अत्यल्प असल्यामुळे एकेक नमुना यंत्रावर तासन्‌तास ठेवावा लागतो.

चेर्नोबिलचा प्रश्न मुंबईच्याही दारात येऊन ठेपला होता. दुग्धविकासाच्या कार्यक्रमासाठी युरोपीय समुदायाच्या साहाय्यातून आयर्लंडचे सुमारे २०० टन लोणी मुंबईस आले, तेव्हा ते चेर्नोबिलच्या धुळीने दूषित आहे, अशी तक्रार घेऊन काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमून तिचे मत घेतले. अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरविलेल्या मर्यादेत असलेले दुग्धपदार्थ खाण्यास निर्धोक आहेत, असा समितीचा निर्वाळा पडला आणि १९८८ साली न्यायालयाने तो मान्य केला. नागरिकांनी प्रश्न विचारला हे उत्तमच झाले. मर्यादा काय आणि ती कोणी ठरविली, हे त्यामुळे उघड चर्चेत आले. लोण्याविषयी रसायनशास्त्रही एक गोष्ट सांगते. सीझियम पाण्यात विरघळते, स्निग्धांशात नाही. दूध घुसळले असता त्यातील बहुतेक सीझियम ताकात राहते. लोण्यात त्याचा अगदी थोडा अंश येतो, आणि लोणी कढवून केलेल्या तुपात तेवढाही उरत नाही.