बाळंतपणानंतर पुन्हा धावताना

हौशी धावपटूंचे वर्ष शर्यतींच्या तारखांवर चालते. साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन, मग जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. घरात बाळ आले की हे गणित विस्कटते. पुन्हा धावायला कधी सुरुवात करायची, या प्रश्नाला मग तीन उत्तरे मिळतात. घरातली वडीलधारी मंडळी सव्वा महिन्याचा दाखला देतात. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर 'हलक्या व्यायामाला हरकत नाही' म्हणतात. धावण्याच्या ग्रुपमध्ये पॉला रॅडक्लिफचे नाव निघते. 2007च्या जानेवारीत तिला मुलगी झाली आणि त्याच नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

मात्र रॅडक्लिफचा तो पेशा होता. नोकरी, घर आणि रात्रीची जागरणे सांभाळून धावणाऱ्या आईसाठी तारीख वेगळ्या पद्धतीने ठरवावी लागते.

तीन महिने कशासाठी?

धावताना प्रत्येक पावलाला शरीरावर वजनाच्या साधारण दीड ते अडीच पट भार येतो. हा भार झेलण्यात ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा, म्हणजे पेल्व्हिक फ्लोअरचा मोठा वाटा असतो. गरोदरपणात हे स्नायू ताणलेले असतात आणि प्रसूतीत आणखी ताणले जातात. सिझेरियन झाले असेल तर वरची जखम लवकर भरते. पण पोटाच्या आतल्या चिवट आवरणाची ताकद सहा आठवड्यांनी जेमतेम निम्म्याच्या थोडी वर आलेली असते. ती पुढे काही महिने वाढत राहते.

म्हणूनच ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी 2019मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत तीन महिन्यांच्या आत धावू नये आणि तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, तेही त्रास नसेल तरच, सुरुवात करावी असे सुचवले आहे. तोवर चालणे आणि स्नायूंचे व्यायाम करावेत.

शरीर तयार आहे का, हे काही सोप्या हालचालींवरून कळते. अर्धा तास चालणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, जागच्या जागी एक मिनिट धावणे, एका पायावर दहा उड्या मारणे. हे करताना दुखले, लघवीचे थेंब गळले किंवा अंग बाहेर आल्यासारखे जडपण जाणवले, तर अजून थांबायला हवे. 'बाळंतपणानंतर एवढे चालायचेच' म्हणून अनेकजणी लघवी गळणे लपवतात आणि पॅड लावून धावतात. हा त्रास उपचाराने कमी होतो. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा या विषयातील फिजिओथेरपिस्टकडे जावे.

दूध, हाडे आणि डिंकाचे लाडू

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमाण आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीचे पाच किलोमीटर धावण्यात आणखी 300च्या आसपास खर्च होतात. अशा दिवशी नेहमीपेक्षा 900 उष्मांक जास्त हवेत. त्याच वेळी वजन उतरवायचे म्हणून जेवण कमी केले तर भार हाडांवर येतो. दूध तयार होताना शरीर हाडांतले कॅल्शियम वापरते आणि हाडांची घनता तात्पुरती तीन ते सात टक्क्यांनी घटते. दूध तोडल्यावर ती सहसा भरून निघते. पण अपुरे खाणे आणि लांब अंतरे यांची त्यात भर पडली तर हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका वाढतो.

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू इथे उपयोगी पडतात. त्यांत उष्मांक भरपूर असतात, अळिवात लोहही असते. तरी केवळ लाडवांवर विसंबू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. सराव वाढवण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घेणे बरे.

व्यायामाने दूध आटते, ही भीती मात्र अनाठायी आहे. 1994मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मातांनी बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, 45 मिनिटे व्यायाम केला. दुधाचे प्रमाण, त्यातले घटक किंवा बाळाचे वजन यांत फरक पडला नाही. आधी बाळाला पाजून मग बाहेर पडले की आईलाही धावताना हलके वाटते.

तो एक तास कोण देणार?

शरीर तयार झाले तरी वेळ घरातूनच यावा लागतो. कायद्याने मिळणारी 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपते तेव्हाच धावण्याचा सराव कुठे रुळू लागलेला असतो. रात्री तीनदा उठलेल्या आईने पहाटे पाचला पुन्हा गजर लावण्यात शहाणपण नाही. झोप अपुरी असेल त्या दिवशी धावणे वगळावे.

रविवारचे लांब अंतर ही खरी अडचण असते. पंचवीस किलोमीटरला तीन तास लागतात, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. त्यापेक्षा घराभोवती पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर मध्ये येऊन बाळाला पाजता येते. नवरा-बायको दोघेही धावणारे असतील तर लांब अंतराचे रविवार वाटून घ्यावेत आणि एका हंगामात एकानेच मोठी शर्यत धरावी. आजी घरात असेल तर तिलाही आठवड्याचे वार आधी सांगावेत. बाळाला बाबागाडीत बसवून धावणे मात्र बाळ किमान सहा महिन्यांचे होऊन त्याची मान आणि पाठ भक्कम होईपर्यंत टाळावे. खड्ड्यांच्या रस्त्यावर तर नकोच.

बाळ मार्चमध्ये जन्मले असेल तर हिशेब असा मांडता येईल: जूनपर्यंत चालणे आणि स्नायूंचे व्यायाम, पावसाळ्यात चालत-धावत छोटी अंतरे, जानेवारीत मुंबईत दहा किलोमीटर. पूर्ण 42 किलोमीटरसाठी त्याच्या पुढचा जानेवारी आहेच.