गाव एक, नावे अनेक : स्थलनामांचा इतिहास आणि प्रशासन

झारखंडमधील जमशेदपूरला रेल्वेने जावयाचे असल्यास तिकीट टाटानगर स्थानकाचे काढावे लागते. आणि हे शहर ज्या जिल्ह्याचे मुख्यालय आहे, त्याचे नाव आहे पूर्व सिंहभूम. १९१९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी साकची येथील औद्योगिक वसाहतीला जमशेदजी टाटा यांच्या स्मरणार्थ 'जमशेदपूर' हे नाव दिले आणि जवळचे कालीमाटी स्थानक 'टाटानगर' झाले. जिल्ह्याने मात्र सिंहभूम हे जुन्या प्रदेशाचे नाव टिकवून धरले. वस्ती, महसुली जिल्हा, रेल्वे स्थानक आणि मतदारसंघ यांची नावे वेगवेगळ्या काळात व वेगवेगळ्या अधिकारांनी ठरतात. ही गोष्ट लक्षात घेतली की, स्थलनामांतील बहुतेक विसंगतींचा उलगडा होतो.

जिल्हा आणि मुख्यालय : नावे का जुळत नाहीत?

जिल्ह्याला मुख्यालयाचेच नाव असावे, असा सर्वसाधारण प्रघात दिसतो. त्याला असलेले अपवाद अधिक बोलके आहेत.

काही ठिकाणी मुख्यालय हलले, पण नाव मागे राहिले. ओडिशातील गंजाम हे एकेकाळी कारभाराचे केंद्र होते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तापाच्या साथीमुळे कारभार तेथून हलविण्यात आला. आज जिल्ह्याचे मुख्यालय छत्रपूर येथे आहे. जिल्हा मात्र गंजामच राहिला. उत्तर प्रदेशातील जालौन जिल्ह्याचे मुख्यालयही जालौन नसून उरई आहे.

काही नावे किल्ल्यांवरून आली. महाराष्ट्रातील कुलाबा जिल्ह्याला अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्याचे नाव होते. मुंबईतील कुलाब्याशी त्याची गल्लत करू नये. १९८१ मध्ये हा जिल्हा 'रायगड' झाला, मुख्यालय अलिबागच राहिले. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा मालवणजवळील जलदुर्गावरून 'सिंधुदुर्ग' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याचे मुख्यालय ओरोस येथे आहे. उत्तर प्रदेशातील सोनभद्र हे नाव शोण नदीची, तर तामिळनाडूतील निलगिरी हे नाव डोंगररांगेची आठवण देते; त्यांची मुख्यालये अनुक्रमे रॉबर्ट्सगंज व उदगमंडलम ही आहेत.

सर्वांत विलक्षण उदाहरण पश्चिम बंगालमधील आहे. १७५७ मध्ये मीर जाफरने ईस्ट इंडिया कंपनीला चोवीस परगण्यांची जमीनदारी दिली आणि ही संख्याच प्रदेशाचे नाव बनली. १९८६ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा परगण्यांची वाटणी बारा-बारा अशी झाली नाही. 'उत्तर चोवीस परगणा' व 'दक्षिण चोवीस परगणा' असे दोन जिल्हे झाले. परगणा ही व्यवस्था केव्हाच मागे पडली, पण तिची मोजदाद नावात शिल्लक आहे.

एकच नाव, दोन ठिकाणे

बिलासपूर जिल्हा हिमाचल प्रदेशात आहे तसाच छत्तीसगडमध्येही आहे. हमीरपूर हिमाचल प्रदेश व उत्तर प्रदेशात, तर प्रतापगढ उत्तर प्रदेश व राजस्थानात आढळते. एखाद्या मनीऑर्डरीच्या दृष्टीने ही केवळ गंमत नव्हे. सारखी नावे, निरनिराळ्या लिपी व भाषा यांमुळे टपालाचा होणारा घोळ टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृत कवी होते. पिनकोडचा पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरण जिल्हा दर्शवितो. अखेरच्या तीन अंकांवरून टपाल कार्यालय कळते. आज पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्ह्यापासून गावापर्यंत प्रत्येक घटकाला स्वतंत्र संकेतांक आहे.

नाव बदलण्याचा अधिकार कोणाचा?

परीक्षेच्या दृष्टीने येथे तीन पातळ्या वेगळ्या कराव्यात.

पहिली पातळी राज्याची. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार राज्याचे नाव बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय असे विधेयक मांडता येत नाही, तसेच ते संबंधित विधिमंडळाकडे मत मागविण्यासाठी पाठवावे लागते. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. अनुच्छेद ४ नुसार असा कायदा अनुच्छेद ३६८ खालील घटनादुरुस्ती मानला जात नाही, म्हणून साधे बहुमत पुरते. मद्रासचे तामिळनाडू (१९६९), म्हैसूरचे कर्नाटक (१९७३), उत्तरांचलचे उत्तराखंड (२००७) व ओरिसाचे ओडिशा (२०११) ही नामांतरे अशी झाली.

दुसरी पातळी गाव व शहराची. येथे केंद्रीय गृह मंत्रालयाची १९५३ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. रुळलेली नावे शक्यतो बदलू नयेत, केवळ स्थानिक अभिमान वा भाषिक कारणासाठी बदल करू नये, नवे नाव शेजारच्या एखाद्या नावाशी गोंधळ निर्माण करणारे नसावे, अशी त्यांची दिशा आहे. राज्याच्या प्रस्तावावर रेल्वे, टपाल विभाग व भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे अभिप्राय घेतले जातात.

तिसरी पातळी जिल्हा व तालुक्याची. हे महसुली घटक असल्याने राज्य शासन जमीन महसूल कायद्याखाली अधिसूचना काढते. महाराष्ट्रात १९६६ ची जमीन महसूल संहिता हा त्याचा आधार आहे.

नाव बदलले, तरी काय उरते?

या तिन्ही पातळ्यांबाहेरील नावे आपोआप बदलत नाहीत. २०१८ मध्ये अलाहाबादचे प्रयागराज झाले, तरी उच्च न्यायालय व केंद्रीय विद्यापीठ अलाहाबादच्याच नावाने चालू राहिले. छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही नावे २०२३ मध्ये अधिकृत झाली. परंतु २०२४ ची लोकसभा निवडणूक 'औरंगाबाद' व 'उस्मानाबाद' मतदारसंघांतच झाली, कारण मतदारसंघांची नावे परिसीमन आदेशाने ठरतात. मुंबई विमानतळाचा 'बीओएम' हा संकेतांकही 'बॉम्बे'ची खूण जपून आहे.

याचा परिणाम सामान्य नागरिकाच्या कागदपत्रांवर होतो. जन्मदाखल्यावर एक नाव, निवासाच्या दाखल्यावर दुसरे आणि सातबारावर तिसरे असेल, तर ते एकाच ठिकाणचे आहेत हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडू नये. जुन्या व नव्या नावांची सांगड संकेतांकाद्वारे अभिलेखात कायम ठेवणे, ही प्रशासनाची जबाबदारी ठरते. नाव हा समाजाच्या अस्मितेचा विषय असला, तरी त्याची अखंड नोंद हा नागरिकाच्या हक्काचा विषय आहे.