एअरबॅगचा दिवा विझत का नाही?

उसाचा हंगाम सुरू झाला की गंगाखेडहून परभणीला रात्री गाडी नेणं जिकिरीचं होतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोर कधी येईल सांगता येत नाही, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागं ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. अशा रस्त्यावर माझे एक शेजारी तीन आठवडे एअरबॅगचा लाल दिवा पेटलेली गाडी चालवत होते. ‘गाडी तर मस्त पळतीय, सर,’ एवढंच त्यांचं उत्तर.

गाडी पळतच राहते, कारण या दिव्याचा इंजिनाशी संबंध नसतो. धडक झाली तर एअरबॅग उघडेल याचा भरवसा आता धरू नका, एवढंच तो सांगतो. एका बॅगेत दोष निघाला तरी काही गाड्यांत सगळी यंत्रणाच बंद पडते. आपल्याकडं चालकापुढची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठी ती नव्या मॉडेलांना 1 एप्रिल 2021 पासून लागू झाली. म्हणजे तालुक्याच्या गावातही आता हा दिवा घरोघरच्या गाडीत आहे. स्कॅनर मात्र प्रत्येक गॅरेजात नाही.

आमच्या मिस्त्रींकडंही नव्हता. ‘परभणीला न्यावी लागंल, पण आधी बघू तरी,’ म्हणत त्यांनी चावी ऑन केली. हा दिवा पाच-सात सेकंद पेटून विझायला हवा. तेवढ्या वेळात गाडीतलं कंट्रोल युनिट आपल्या सगळ्या तारा तपासून घेतं. एअरबॅगच्या पोटात केसासारखी बारीक तार असते, तिचा रोध साधारण दोन ओहम. युनिट तिच्यातून अगदी क्षीण प्रवाह सोडून हा रोध मोजत राहतं. खरी धडक बसली की त्याच तारेतून एक अँपियरहून जास्त प्रवाह जातो, तार तापते, रसायन पेटतं, वायू होतो आणि 30 ते 50 मिलिसेकंदांत पिशवी फुगते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. आता विचार करा, जिथं सगळा हिशोब दोन ओहमचा आहे तिथं एखाद्या पिनेवर धरलेला गंज किंवा अर्धवट निसटलेला जोड केवढा फरक पाडत असेल! बॅग शाबूत असूनही दिवा पेटतो, तो बऱ्याचदा अशा जोडांमुळंच.

मिस्त्रींनी पहिल्यांदा हॉर्न दाबून पाहिला. मला हे फार आवडलं. स्टिअरिंग फिरतं, पण त्यातल्या एअरबॅगची तार तुटता कामा नये, म्हणून तिथं घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक चपटी पट्टी बसवतात. बहुतेक गाड्यांत हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणंही त्याच पट्टीतून जोडलेली असतात. दिवा पेटला आणि त्याच सुमारास हॉर्नही मुका झाला, तर पहिला संशय त्या पट्टीवर घ्यायचा. इथं हॉर्न खणखणीत वाजला.

मग त्यांनी विचारलं, ‘सीटखाली काय ठेवता?’ शेजारी म्हणाले, ‘काही नाही, छत्री आणि पंप.’ बॅटरी मारून पाहिली तर सीटखालचा पिवळा जोड एका बाजूनं उचकटलेला. एअरबॅगच्या आणि सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्राच्या जोडांना पिवळा रंग मुद्दामच दिलेला असतो: हात लावण्याआधी थांबा, असा त्याचा अर्थ. मिस्त्री थांबले. चावी बंद करून त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह क्लिप काढली आणि आम्ही चहा घेतला. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून युनिटमध्ये कपॅसिटर असतो. तो रिकामा व्हायला काही मिनिटं लागतात. नेमकी किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. चहानंतर जोड खटकन बसला. क्लिप लावून चावी फिरवली, दिवा पेटला आणि सातव्या सेकंदाला विझला.

प्रत्येक वेळी असं होत नाही. काही गाड्यांत दोष गेला तरी स्कॅनरनं नोंद पुसेपर्यंत दिवा पेटलेलाच राहतो. काही जुन्या जपानी गाड्यांत ठरावीक दोन पिना जोडल्या की हाच दिवा उघडझाप करून दोषाचा आकडा सांगतो, पण ते गाडीचं मॅन्युअल समोर ठेवूनच करायचं काम आहे. उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतील, पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल किंवा एकदा धडक होऊन बॅगा उघडल्या असतील, तर घरच्या घरी हात घालू नये. आणि एअरबॅगला मल्टिमीटर कधीही लावू नये. ओहम मोजताना मीटर स्वतःचा प्रवाह सोडतो, आणि समोर पेटायला तयार असलेलं रसायन असतं.

सगळ्यात वाईट प्रकार वेगळाच आहे. बॅगेच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर जोडला की युनिट फसतं आणि दिवा विझतो. कुणी बल्बच काढून टाकतं. असल्या गाडीत बसणाऱ्याला आपल्यापुढं बॅगच नाही हे कळतच नाही. सीटबेल्टची पिंपिं बंद करायला खाचेत नुसती क्लिप अडकवणंही तितकंच घातक. बॅग बेल्टच्या जोडीला केलेली आहे. बेल्टविना पुढं फेकला गेलेला माणूस फुगणाऱ्या बॅगेवर आदळतो.

आपल्या भागात पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्या भरपूर येतात. रंग आणि टायर सगळेच बघतात. तुम्ही चावी ऑन करा आणि एअरबॅगचा दिवा शोधा. तो पेटून विझला, तरी रेझिस्टरची फसवणूक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून व्यवहाराआधी एकदा स्कॅनर लावून घ्या. पण दिवा मुळात पेटलाच नाही, तर ती गाडी तिथंच सोडा.