निघण्याआधीचे आठ दिवस

मोटारसायकलवरून लांब जायचे ठरले की आपण कपडे, औषधे, चिवड्याचा डबा सगळे आठवणीने भरतो. गाडी मात्र आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ढकलतो. तिथे गर्दी असते. मिस्त्री घाईघाईने साखळी ताणतो, ऑइल बदलतो आणि पहाटे आपण निघतो. काही राहून गेले असेल तर ते कळते घाटात.

म्हणून गाडीची तयारी आठ दिवस आधी करावी, आणि जमेल तेवढी आपल्या हाताने करावी. पैसे वाचतात, हा लहान फायदा. मोठा फायदा असा, की हाताला गाडीची ओळख होते. ज्याने साखळी स्वतः ताणली, त्याला तिचा बदललेला आवाज रस्त्यावर लगेच ऐकू येतो.

समजा, कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचे आहे. शंभर सीसीची गाडी, मागे घरचे माणूस आणि एक बॅग. मग काय पाहाल?

सुरुवात साखळीपासून करा. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून साखळीला हात लावू नका, बोटे जातात. चाक हाताने फिरवत साखळी तीन-चार ठिकाणी वर-खाली हलवून पाहा. ती सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वांत ताठ लागेल, तिथला ढिलेपणा मोजा. किती असावा, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेले असते. फार सैल साखळी निसटून मागचे चाक अडकवू शकते. फार ताठ साखळी बेअरिंग खाते. ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरके बसते. अ‍ॅक्सलचा नट घट्ट करा. चाक मागे सरकले की मागच्या ड्रम ब्रेकच्या पायपट्टीचा खेळही बदलतो, तो पुन्हा तपासा. पुष्कळजण नेमके हेच विसरतात.

आता ब्रेक. ड्रमच्या बाहेर लहानसा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो तिथल्या खुणेपर्यंत पोचला, तर शू संपले असे समजा. त्यावर ताणून भागवू नका, शू बदला. ब्रेकच्या आसपास ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरण्याची सवय सोडा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते. नुसता ब्रेक दाबून उतरलात तर ड्रम तापतो आणि ब्रेक लागेनासा होतो.

टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. तो आकडाही पुस्तिकेत असतो. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर कडक होते, बारीक भेगा पडतात.

हेडलाइट तर मागचे माणूस बसवूनच तपासावा. वजनाने गाडी मागे दबते, झोत वर उठतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारात राहतो.

ऑइलची पातळी, क्लचच्या केबलचे तुटू लागलेले तार, हॉर्न, ब्रेकचा दिवा ही पाच मिनिटांची कामे. हायड्रॉलिक ब्रेक, व्हॉल्व्ह आणि २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांतले फ्युएल इंजेक्शन मात्र मिस्त्रीकडेच सोपवा. आपल्याला काय येत नाही, हे कळणेही देखभालीचाच भाग आहे.

सगळे झाले की बरोबरच्या माणसाला आणि बॅगेला घेऊन चाळीस-पन्नास किलोमीटर फिरून या. घरी आल्यावर नट आणि साखळी पुन्हा पाहा. काही सैल झाले असेल तर ते अंगणातच सापडेल. हातात अजून दिवस असतात, मिस्त्रीचे दुकान उघडे असते. मागे बसणारे माणूस रस्ता पाहत नाही, आपल्या पाठीवर विश्वास टाकून बसते. त्या विश्वासासाठी एक रविवार फार नाही.